ठोके

उलव्याच्या पुढे, जिथे सेक्टर अजून फलकावरच आहे,
तिपाईला टांगलेला साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटर वर जातो आणि सुटतो.
माझं काम मोजायचं.
पंधरा सेंटिमीटर रुतायला किती ठोके,
पुढच्या पंधराला किती, त्यापुढच्या पंधराला किती.
पहिले सोडून द्यायचे, ते जमिनीचं नुसतं दचकणं.
उरलेल्यांची बेरीज वहीत.

वरचे चार मीटर भराव,
कापलेल्या डोंगराचे काळे तुकडे.
इथे ठोका वाजतो. दोर धरलेला तुळ्या
आकडे हाळी दिल्यासारखे म्हणतो:
एकतीस! अडतीस!
त्याखाली निळसर काळा गाळ,
कालवांच्या कवचांसकट, आणि वास
ओहोटी लागलेल्या खाडीचा.
तीन. दोन.
साडेसहावर हातोडा नुसता टेकवला
आणि रॉड आपणहून निघाला खाली,
जिना उतरावा तसा, न विचारता.
तुळ्या गप्प.
शून्याची हाळी कशी द्यायची
हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

राखणीला हसुराम घरत. त्याच्या बापाचं मिठागर इथेच होतं.
पेला खाली ठेवून तो चप्पल काढतो,
भरावाच्या कडेला, जुनी ओल उरली आहे तिथे, मला बोलावतो.
"बाय, पाय आपट. आपट, आपट. एकाच जागी."
आधी टणक. मग टाचेभोवती पाणी लकाकतं,
मग टाच कुठे संपते नि जमीन कुठे सुरू होते, कळेना.
"आता गप र्‍हा."
पाणी आत जातं. जमीन पुन्हा जमीन होते,
माझी पावलं तिच्यात चार बोटं खोल.

"कोयनेला हालली तवा मी बारा वर्सांचा.
पाटंचं. बांधाच्या पायथ्याशी रेती उकलत व्हती,
पेजंला आधण येतं तशी.
बापाची मिठाची रास सकाली वाकरी."

मी त्याला पायलीचं सांगते.
तांदूळ मोजताना पायली हलवली की दाणे बसतात, वर जागा होते.
हादरल्यावर रेतीलाही तेच हवं असतं, जवळ सरकायचं.
पण मधे पाणी आहे,
आणि त्या घाईत पाण्याला निघून जायला वाट नाही.
मग वरचं ओझं पाणीच उचलून धरतं,
दाणे एकमेकांचे हात सोडतात,
आणि तेवढा वेळ, अर्धं मिनिट धरा,
खाली जमीन नसतेच.
"त्येच तर बोललो," हसुराम म्हणतो, आणि गार चहा उचलतो.

दुपारी स्कूटरवरून एक जोडपं येतं, फलक वाचत.
बाई विचारते, "जमीन पक्की आहे ना हो?"
खडक एकतीस मीटरवर आहे, मी सांगते. खरं तेच.
इमारतीचे खांब तिथवर जातील. तेही खरं.
रस्ता, गटार, पाण्याची पाइप, गॅसची नळी कुठवर जातील
हे ती विचारत नाही
आणि माझ्या वहीत तो रकाना नाही.
नवरा भरावावर दोनदा बूट आपटून बघतो, हसतो.

शेजारच्या प्लॉटवर रोलर सुरू होतो.
बोअरच्या पाइपात वीतभर खाली पाणी.
त्यावर वर्तुळं उमटतात, मधून काठाकडे नाही,
काठाकडून मधे.
तुळ्या पाइपाला हात लावतो आणि काढून घेतो.

रात्री कामोठ्यात. माझीही इमारत खाजणातलीच,
तिसरा मजला, सोळा वर्षं झाली.
तिचे ठोके कोणी मोजले, ती वही कुठे आहे,
मी कधी मागितली नाही.
दाराशी बसून बूट उंबऱ्यावर आपटते,
वाळलेला गाळ सुटत नाही.
एक. दोन. तीन.
खालच्या मजल्यावरून कोणी ओरडतं, काय चाललंय?

बूट हातात तसाच,
पाऊण मीटर वर.