पुस्तकाची पलीकडची बाजू

वर्गात पोरं चौऱ्याण्णव, गणिताची पुस्तकं एकोणीस.
म्हणजे पाचांत एक. शेवटच्या गटात चारच,
तिथे भांडणं कमी, आणि खरं सांगू, शिकणंही कमी.

गटागटानं शिकवा, असं जिल्ह्याच्या प्रशिक्षणात सांगितलं
तेव्हा मी मनात हसले होते.
आम्ही दुसरं काय करत होतो?
नखोताकोटाच्या या तापल्या पत्र्याखाली
गट ही पद्धत नव्हती, टंचाई होती.

चटईच्या मधोमध पुस्तक, भोवती पाच डोकी.
तियामिके बरोबर समोर, कारण तो मोठ्यानं वाचतो.
फायनेस त्याला चिकटून, कारण ती फायनेस आहे.
लामेक आणि वोंगानी दोन बगलांना, माना वाकड्या करून.
आणि झिओने पलीकडे,
जिथून अक्षरं डोक्यावर उभी दिसतात.

उशिरा येणाऱ्याला ती जागा.
झिओने रोजच उशिरा येते,
पहाटेची उसिपा मासळी माचांवर वाळत घालून,
बोटांवरचे खवले तसेच घेऊन.

त्या मंगळवारी गणित सोपं होतं.
होडीतून इतक्या टोपल्या आल्या,
तीन घरांत सारख्या वाटा.
चौघं म्हणाले, सहा टोपल्या, घराला दोन.
झिओने म्हणाली, नऊ.
सप्टेंबरपासून तिनं गटात काढलेला हा पहिला शब्द.
घराला तीन.

पंचाईत अशी, की दोन्ही भागाकार नि:शेष.
खडे मांडले, बरोबर.
पुसून पुन्हा मांडले, तेही बरोबर.
फायनेस चिडली, झिओने हटेना,
लामेक जिकडे आवाज मोठा तिकडे.
माझ्या हातात खडू, ओठांवर उत्तर.
का कोण जाणे, गिळलं.

मग वोंगानी, ज्याला मी ढ म्हणायचे
(मनातल्या मनात, पण पोरांना कळतंच),
उठला, चटईला वळसा घालून
झिओनेच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.
बराच वेळ.
"इथून नऊच आहे," म्हणाला.

एकेक करत सगळे तिकडे गेले, वाकले, गप्प झाले.
सगळ्यांत शेवटी झिओने इकडे आली.
पुस्तक सुलट बघायची तिची पहिलीच वेळ.
आकड्याकडे तिचं लक्षही गेलं नाही.
ती बघत होती वरचं चित्र:
होडी, होडीत माणसं, खाली पाणी.
"मला वाटायचं," ती म्हणाली,
"या पुस्तकातल्या सगळ्या होड्या बुडालेल्याच असतात."

कुणी हसलं नाही.
सरोवराकाठच्या वर्गात याला कुणी हसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं त्यांनीच सुरू केलं,
पान उलटलं की पुस्तक चतकोर फिरवायचं.
आठवड्याभरात एकोणीस चटयांवर एकोणीस पुस्तकं
जात्यासारखी फिरू लागली.

निरीक्षक कापालामुला आले, कागदावर बोट ठेवून म्हणाले,
"परिणाम किती? शेकडा?"
मी सांगितलं, गलका इतका, की शेजारच्या वर्गानं दोनदा तक्रार केली.
सांगितलं, खिडकीपाशी अजून एकटी मुलगी सगळं सोडवते
आणि बाकीचे खड्यांनी खेळतात.
लामेक हल्ली "कशावरून?" विचारतो, मलासुद्धा.
त्यांनी चौकटीत एक आकडा लिहिला.
कुठून आणला, मला दिसला नाही.

परीक्षेला मात्र ज्याची त्याची चटई वेगळी,
ज्याचा त्याचा कागद.
झिओने वेळेवर आली, हात धुऊन.
कागद समोर ठेवला, एकदा फिरवला,
पुन्हा फिरवला, चारही बाजूंनी पाहून घेतला,
आणि मगच पेन्सिल उचलली.

पर्यवेक्षक उठायला लागले.
मी म्हटलं, बसा.
तिचे बाकीचे चौघं येऊन जाताहेत.