लेट गाडीला लाईन

मी शंटर होतो. छत्तीस वर्षं
भुसावळच्या यार्डात, तीन मैलांच्या आत,
डबे मागे ढकलले, पुढे ओढले.
स्वतः कुठे गेलो नाही,
ज्यांना जायचं होतं त्यांना जोडून दिलं.
म्हणून ट्रोम्बोन माझ्या गळ्यात.
झोपे गार्ड म्हणाले, तुमचंच काम आहे हे,
लांब न्यायचं, परत आणायचं.

वाद्यं डिक्रूझ ड्रायव्हरची. मुलाकडे पर्थला जाताना
इन्स्टिट्यूटच्या खोलीत पेटी सोडून गेला,
आणि एक कॅसेट, लेबल उडालेली.
डिक्सीलँड, एवढंच म्हणाला.
कुठल्या लाईनवर आहे, तायडेंनी विचारलं.

गाण्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती,
मग आम्हीच ठेवली:
वाघूर पूल. बोनसचा दिवस. वरणगावची म्हैस.
एक संथ आहे, त्याला नाव सुचलं नाही.
त्याला आम्ही 'ते' म्हणतो.

बँजो पाहिजे होता. तायडे घेऊन आले
वरातीतला बेंजो, टाइपरायटरसारख्या बटणांचा, भोंग्यासकट.
पुस्तकातला बँजो वेगळा असतो, सिस्टर सुरवाडे म्हणाल्या.
आमच्यात पुस्तक वाचलेल्या त्याच एक.
ड्रमही त्यांनीच घेतला:
रेल्वे हॉस्पिटलात आम्हा सगळ्यांच्या नाड्या मोजल्या आहेत,
आमचा ताल कुठे सुटतो, त्यांना आधी कळतं.

झोपेंचा ट्रम्पेट चार महिने बंद होता.
नव्या कवळीने वरचा सूर लागेना,
जुनीने भाकरी चावेना.
आता दोन्ही खिशात असतात.

खरा वाजवणारा एकटा रहीम पिंजारी.
क्लॅरिनेट. पन्नास वर्षं नवरदेवाच्या घोड्यापुढे,
यावल, रावेर, फैजपूर,
मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
लाल कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.
त्यानेच शिकवलं:
सगळे एकदम बोला, पण ऐकत ऐकत बोला.
घरी हे आम्हाला कधी जमलं नव्हतं.

पौषात झोपेंच्या केळीत भरिताची पार्टी.
काड्यांवर वांगी फुटत होती,
आम्ही 'म्हैस' काढली.
मोटार बंद करायला आलेला सालदार थांबला.
भाऊ, काय वाजवून राह्यले? वरात कुठी हाये?
वरात नाही रे बाबा.
मंग काहून?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
सिस्टरनी चार ठोके दिले आणि पुढचं सुरू केलं.

होळीनंतर रहीम सुरतेला गेला, मुलीकडे.
आठवड्यातून तीनदा मशीन.
डायलिसिस हा शब्द सिस्टरच बोलल्या, एकदाच.
क्लॅरिनेट सोबत नेली, हे आम्ही पुन्हा पुन्हा बोललो.

गुरुवारी त्याच्या खुर्चीवर तायडेंचा मोबाइल,
स्टीलच्या तांब्यात उभा, म्हणजे आवाज मोठा येतो.
'ते' सुरू केलं. रहीम आला,
पण एक सेकंद मागे.
सुरत काही लांब नाही,
आवाज कुठून वळसा घालून येतो कुणास ठाऊक.
झोपेंनी ट्रम्पेट खाली ठेवला. नाही जमणार, म्हणाले.
तांब्यातून दम लागल्याचा आवाज,
मग तोही नाही.

मी तालमीत फारसा बोलत नाही.
म्हटलं, लेट गाडीला लाईन द्यायची असते, झोपेसाहेब.
आपण आणखी काय केलं आयुष्यभर?

परत सुरुवात. सिस्टरनी काठ्या ठेवून ब्रश घेतले.
तायडे एकाच बटणावर थांबले,
होम सिग्नलबाहेर उभ्या मालगाडीसारखे.
मी स्लाइड लांब सोडली, हात पुरेल तेवढी,
आणि तांब्यात त्याचा सूर लागताच
मागे घेत आणली, हळू,
अजून हळू,
बफरला बफर टेकेपर्यंत.

आतल्या माणसाच्या कपातला चहा सांडला नाही पाहिजे.
शंटरला एवढंच शिकवतात.