तीच गाठ

कॉलेज रोडच्या दुकानात रामजीभाईंनी
सहा तुकडे पत्त्यांसारखे मांडले:
ओक, साग, अक्रोड, आणखी कुठलंसं परदेशी झाड.
मी बोट फिरवलं. लाकूड नव्हतं.
लाकडाचा फोटो होता.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापलेले कागद तपासले मी.
शाई कुठे सरकली, रेघ कुठे तुटली,
डोळ्यांना दुसरं काही शिकवलंच नाही.
त्यामुळे ओकवरची ती गाठ,
डाव्या अंगाला जरा चिरलेली,
शेजारच्या ढिगात चौथ्या पट्टीवर पुन्हा भेटली तेव्हा
मी म्हटलं, "ही तीच."
"काका, एवढं कोण बघतं?"
आमच्याकडे हुबेहूब असणं हाच गुण होता,
पण नोटेवर निदान नंबर वेगळा असतो.

फायदे सांगा, म्हटलं.
दोन दिवसांत बसतं. जुनी फरशी फोडायची नाही.
सिमेंट नाही, धूळ नाही, खालच्या मजल्याची भांडणं नाहीत.
आणि पायाला गार लागत नाही.
इथे मी थांबलो.

कुमुदच्या खुब्यात मागच्या दिवाळीपासून धातूचा गोळा आहे.
जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून येतो
आणि इंदिरानगरातली आमची पांढरी टाइल
पेपर न वाचताच तो पाळते.
रात्री उठली की कुमुद आधी अंगठा टेकवून बघते,
तवा तापलाय का बघावा तसा,
फक्त उलट.

तोटे सांगायला रामजीभाईंनी चहा मागवला.
पाणी. मुख्य म्हणजे पाणी.
साचलं की कडा फुगतात, फुलक्यासारख्या,
आणि फुलका निदान खाली बसतो.
ओरखडा पडला की पडला.
लाकूड घासून नवं करता येतं,
फोटो किती घासणार?
शिवाय चालताना जरा पोकळ वाजतं.
"जरा म्हणजे?"
त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"वाजतं."

दोन तुकडे घरी आणले.
एक रात्रभर बादलीत बुडवला,
एक कुमुदच्या पलंगाशी ठेवला.
सकाळी पहिल्याच्या कडा उमलल्या होत्या,
दुसऱ्यावर ती दोन्ही पाय ठेवून बसली होती,
चहा होईपर्यंत उठलीच नाही.

कडूबाईला सांगितलं, इथे ओलं फडकं नको,
घट्ट पिळून, नुसतं हलकं फिरवायचं.
अकरा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं,
"मंग ते पुसणं झालं का?
ते तर आंजारणं-गोंजारणं झालं."
बादली उचलून ती स्वयंपाकघरात गेली
आणि तिथली टाइल दोनदा पुसली.

शेवटी फक्त आतल्या खोलीत टाकलं.
हॉल टाइलचा, खोली ओकची,
मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी,
तिला माझा पाय अजून अडखळतो.
मी घोरतो म्हणून हॉलमध्ये झोपतो.
वॉकर वाजतो, पोकळ, टॉक, टॉक,
आणि मला कळतं, उठली.
टाइलवर हे कधी कळलं नसतं.
रामजीभाईंनी हा फायद्यात धरला नव्हता,
मीही रोज धरत नाही;
तीन वाजता तो तोटाच असतो.

एकदा तिला म्हटलं, सगळीकडे तीच गाठ आहे बघ,
मी सतरा मोजल्या.
"पलंगाखालच्या धरल्या का?"
नव्हत्या धरल्या.
"मला चार पुरतात," ती म्हणाली,
"चौथी आली की बाथरूमचं दार."

बादलीतला तुकडा फेकला नाही.
गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली आहे.
पाणी घातलं की थोडा आणखी उघडतो,
आतून भुसा दिसतो, ओल्या बिस्किटासारखा.
वरचा ओक मात्र तसाच,
एक रेघ हललेली नाही.
छपाई चांगली आहे.