शनिवारी डबी भरताना

शनिवारी रात्री मी तुझी डबी भरते.
निळं प्लास्टिक, सात खण. पोरीने म्हापशाहून आणली.
झाकणांवरची इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत,
म्हणून सोमवारवर कुंकवाचा ठिपका दिलाय
आणि तिथून मोजत जाते.

सकाळी पांढरी, दाबाची.
तिच्याबरोबर बारीक पिवळी, रक्त पातळ ठेवणारी,
रिकाम्या पोटी नाही, पेज जेवून.
रात्रीची लांबट, चरबीवरची. तिने पहिल्याच महिन्यात
तुझ्या पोटऱ्या धरल्या, आणि तू म्हणालास,
तीस वर्षं गुडघाभर खाऱ्या चिखलात उभा राहिलो
तेव्हा मेल्या कधी दुखल्या नाहीत.

त्याआधी एक होती, तिने खोकला लावला.
कोरडा, रात्रभर. मी दिवा धरून थुंकीत रक्त शोधायची.
शेजारची सुलोचन दारातूनच म्हणाली, क्षय गो.
तुयेच्या इस्पितळात डॉक्टरांनी
एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं.
पंधरा दिवसांत खोकला गेला. गोळीचा होता.
पण मी सातेरीला बोलून बसले होते,
देवीला आता गोळीचं कसं सांगणार?
नारळ दिला.

शाणू बाबलो हळर्णकर, अशी हाक आली की आपण दोघं उठायचो.
विडी? – सोडली.
(मी खाली बघितलं. दिवसाला दोन.)
वडील कशाने गेले?
– मिठाच्या वाफ्यात. बसले ते उठलेच नाहीत.
वय?
– बेचाळीस.
डॉक्टरांचं पेन तिथे थांबलं.
मग विचारलं, मीठ किती?
तू म्हणालास, खंडीत सांगू? यंदा कमीच,
मार्चात पाऊस पडला.

हसले तेही. पण घरी येऊन मी
चेपणीची तोरां वरच्या फळीवर चढवली,
सुके बांगडे सुलोचनीला दिले,
हुमण अळणी केलं.
तू दोन घास खाल्लेस, हात धुतलास,
आणि तडक आगरात.
मी मागोमाग आले तर तू वाफ्याशी उकिडवा,
पाण्यात बुडवलेलं बोट जिभेवर.
काय करतोस?
– बघतोय, उद्या धरेल का.
आता याला काय म्हणायचं.
तुझं कामच आहे ते. बापानेही
असंच चाखून सांगितलं असेल त्या सकाळी,
धरेल म्हणून.

बुधवारी तुला मापून झालं
आणि सिस्टर कुंदाने तो पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला.
मला कशाला? मी सोबत आलेय.
तिने फुगवला, सोडला, परत फुगवला.
मावशी, डोकं जड होतं का?
होतं की. पाटल्या वाहिल्यात डोक्यावर,
लग्नाच्या वर्षापासून, ओल्या मिठाच्या,
पाणी मानेवरून पाठीत गळायचं.
– पण आता कुठे वाहता?
दोन वर्षं झाली सोडून.
मी गप्प बसले. मानेवर हात नेला.
वजन होतं तिथेच.

तू तेव्हा बाहेर बाकड्यावर
कुणाला तरी मिठाचा भाव सांगत होतास.

आज भरती मोठी आहे.
मानशीचं दार एका बाजूनेच उघडतं,
पाणी आत घेतं, सुकतीला अडवून धरतं.
त्याला कुणी सांगावं लागत नाही;
फळी कुजली की तेवढी बदलतात.
गेल्या आठवड्यापासून ते नीट टेकत नाही म्हणतोस,
बॅटरी घेऊन गेलायस ऐकायला.
एवढ्या लांबून मला काही ऐकू येत नाही.

डबी भरून झाली. सात दिवस तुझे.
माझी पट्टी मी तोरांच्या बरणीमागे ठेवलीय,
एक गोळी फोडून हातात घेतलीय.
तुझ्या सगळ्या पाठ आहेत मला.
हिचं मात्र विचारायचंच राहिलं,
जेवणाआधी की नंतर.