स्ट्रेचरचे रूळ

लिलावात कुणी बोलीच लावली नाही,
म्हणून ती मला मिळाली:
अकरा वर्षं मीच चालवलेली रुग्णवाहिका,
फोर बाय फोर, डाव्या दाराला गंज,
आणि मागे फिनेलचा वास,
तीन पावसाळे उघड्यावर काढूनही न गेलेला.

गॅरेजवाले म्हणाले, कोल्हापूरला न्या,
तिथे प्लायवूडची कपाटं बसवून देतात, एलईडीची नक्षी वगैरे.
मी तिला वाघोटण खाडीच्या काठी नेली,
अनाजी धुरताच्या मांगरात,
जिथे चार वर्षांत एकही होडी बांधली गेली नव्हती.
फायबर आल्यापासून तो पाट आणि देव्हारे करतो,
तेही जरा वाकडेच होतात.

त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
फणस पारखावा तशी पत्र्यावर टकटक केली.
"घराचा काम माका येणा नाय.
पण ही लाटेर चलतली मा? मगे जमतला."
लाट नाही, म्हटलं, कातळ.
"दर तोच," म्हणाला.

आत एकही काटकोन नाही.
उंडीचे वांक, होडीला घालतात तसे,
पत्र्याला टेकलेले, पण जखडलेले नाहीत.
सड्यावर एक चाक हवेत गेलं
की सगळी पेटी पिळवटते,
लाकूडही तिच्यासोबत पिळवटतं
आणि कपाटाचं दार उघडत नाही.
फटींत कापूस, त्यावर राळ.
पाणी सगळ्यात खाली, साठ लिटर,
डचमळू नये म्हणून तीन कप्प्यांत.
"जड ता खाली. हलका ता वर. माणूस मधी."
पाट्यांत दोन पानं वाढवली, ती चार बोटं उंच झाली.

निळा दिवा काढल्यावर टपाला पडलेलं भोक
त्याने बुजवलं नाही. काच बसवली.
सलाइनच्या आकड्याला कंदील.
ऑक्सिजनच्या कड्यात गॅसची छोटी टाकी, अगदी मापात.
आणि स्ट्रेचरच्या रुळांवर स्वयंपाकघर:
मागचं दार उघडा, ओढा,
शेगडी, मोरी, विळी, मसाल्याचे पाच डबे
खर्रर्र करत बाहेर येतात, आभाळाखाली.

तोच आवाज.
त्या आवाजावर मी पडेलची सुरंगा उतरवली होती,
बाळ तिच्या पायांत आधीच रडत होतं.
त्याच आवाजावर खवळ्यांचा धाकटा,
नाकातोंडात रेती.
(मी आरशात बघत नसे. ड्रायव्हरने रस्ता बघावा.)

"आवाज घालवू? नायलॉनची पट्टी मारतंय."
नको, म्हटलं.
का, ते त्याने विचारलं नाही.

शेवटी बंपरखाली एक लोखंडी कडी ठोकली.
ही कशाला?
"नांगराक."
अरे, हिला हँडब्रेक आहे!
"असांदे. कडयेशिवाय मी खयचीच वस्तू सोडूक नाय अजून."
मग नारळ फुटला,
आणि इंजिन सुरू असताना
सहा माणसांनी तिला ढकलत मांगराबाहेर काढली,
ओरडत, घामाघूम,
माझं कुणी ऐकेचना.

पहिली रात्र गिर्येच्या सड्यावर.
या गाडीत मी कधी आडवा झालो नव्हतो.
पावणेतीनला जाग आली,
पाय आपोआप चपलेत, हात किल्लीवर,
कुठली वाडी, कितवा महिना, रस्ता कुठवर
कुणीच नव्हतं.
कंदील थोडा हलत होता.
काचेत दोन तारे, मग ढग.

मागचं दार उघडलं. ओढलं.
खर्रर्र.
चहा टाकला, एकाचा.
दूध नासलं होतं, काळाच प्यालो.
कडीला टॉवेल वाळत घातला होता,
तो वाऱ्यावर सारखा समुद्राकडे निघायचा.
कडी पक्की होती.