सतरा सी

चेक-इनला इथं बोर्डिंग म्हणायचं,
काउंटरवरच्या पोरानं आधीच बजावलं.
पास छापून दिला. प्रस्थान : उलवे. आगमन : उलवे.
कुंदानं तो घडी न मोडता पर्समध्ये ठेवला.

पैसे लेकीनं भरलेले, आमचं काही न ऐकता.
"बाबांनी जन्मभर सीटा शिवल्या,
एकदा आत झोपू देत की."

हे विमान रस्त्यानं आलं म्हणे,
पंख कापून, ट्रेलरवर,
आणि गव्हाणच्या वळणावर दोन दिवस अडकलं.
लोकांनी पोरं खांद्यावर घेऊन दाखवली,
भेळवाल्यानं तिथंच गाडी लावली.
मग पंख पुन्हा जोडले. सांधा दिसतो.
मला तरी दिसतो.

नऊ ते बारा रांगांच्या जागी आमचा पलंग.
ऑक्सिजनच्या मास्कमध्ये पिवळे दिवे,
सुरक्षेच्या कार्डावर वायफायचा पासवर्ड.
कॉकपिटचे दोन हजार जास्त;
तिथं कल्याणचं नवं जोडपं
दिसेल ते बटण दाबून हसत होतं.
कुंदानं बकलाला ओला टॉवेल अडकवला,
खिडकीचं झापड वर केलं, खाली केलं, वर केलं.
डाव्या पंखाखाली एक कुत्रं निजलेलं.

सव्वीस वर्षं हँगरच्या माळ्यावर
मी आणि फ्रान्सिस डाबरे.
निळं कापड, दुहेरी टीप, आग न धरणारा धागा.
लोकांच्या पाठी ओळखायचो, चेहरे नाही.
वाळलेली ओकारी, टोमॅटोचा रस,
एकदा गादीच्या फटीत कुणाची तरी नथ.
ती ऑफिसात जमा केली. पुढचं माहीत नाही.
उडालो एकदाच, नागपूरपर्यंत,
तेव्हाही सगळा वेळ
समोरच्या सीटची टीप पाहत होतो. वाकडी होती.

दीडच्या सुमारास नव्या विमानतळावरून
एक खरं विमान उठलं,
आणि आमचं थरथरलं,
गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाला
शर्यतीची आरोळी ऐकू यावी तसं,
असं म्हणायला बरं वाटतं.
खरं म्हणजे एसीचा पत्रा सैल होता.

झोप गेली ती गेलीच. शिडीनं खाली उतरलो.
सीटा मला तिथं सापडल्या,
चायनीजच्या टपरीपुढे, गवतात, तीन-तीनच्या ओळीत,
पार्सलची वाट पाहणाऱ्यांसाठी.
एका ओळीवर वॉचमन आडवा. हसुराम घरत.
उठून बसला, मला जागा दिली.
"इमान उभं हाय ना, तिथं आमचं खाजन व्हतं.
भरतीला जिताडा यायचा, हा एवढा."
त्यानं हात पसरले, मग थोडे जवळ आणले.
इमानदारीनं.
"तुमी आत झोपता, पैशे देऊन?"
मी म्हणालो, लेकीनं दिले.
"मंग ठीक हाय."

त्याच्या बुडाखालची पाटी मोबाइलच्या उजेडात वाचली :
सतरा सी.
कापड कडेनं फाटलेलं, स्पंज बाहेर,
आणि खाली, कुणी बघत नाही तिथं,
शेवटच्या टाक्यानंतर उलटा घेतलेला एक टाका.
तो मीच घ्यायचो. का, ते डाबऱ्यानंही कधी विचारलं नाही.

खोलीत परत गेलो.
साबण, कंगवा, शॉवर कॅप यांच्याबरोबर
एक सुईदोऱ्याची पुडी ठेवलेली असते,
ती घेऊन आलो.
हसुरामनं बॅटरी धरली, मधूनमधून डुलकी घेत;
उजेड घसरला की मी थांबायचो.
खाडीकडून गाळाचा वास येत होता.
समोरच्या फलकावरचं प्रस्थान अजून लुकलुकत होतं.

सकाळी पोरानं माइकवरून जाहीर केलं,
आपण उलव्यात सुखरूप उतरलो आहोत.
कुंदानं पोह्यांवरचं लिंबू पिळलं आणि विचारलं,
रात्री कुठं गेला होतास?
मी खिडकीतून बोट दाखवलं.

पुडीत दोरा पांढराच होता.
निळ्यावर पांढरी टीप, रस्त्यावरूनही दिसेल अशी.
डाबऱ्यानं पाहिली असती
तर सगळी उसवायला लावली असती.