हवेचा टंच

हुपरीच्या आटणीत
बाळगोंडाकाकांनी तेजाबाच्या भांड्यावरचं झाकण काढलं
आणि माझ्या डब्यावरचा आकडा
आधी चढला, मग अडखळला,
मग नुसताच काळा पडदा.

"बिघडलं व्हय गं?"

बिघडलं नव्हतं.
दोन आरशांमध्ये निळा किरण
हजारो खेपा घालतो,
हातभर डब्यात पाच-सहा किलोमीटर चालतो,
म्हणजे इथून पट्टणकोडोलीपर्यंत म्हणा,
आणि मी एवढंच मोजते
की निघाला त्यातला किती पोचला.
त्या दुपारी काहीच पोचलं नाही.

धूर तांबूस दिसतो
कारण त्यानं निळा गिळलेला असतो.
विद्यापीठात हे मी फळ्यावर लिहिलंय, आकृतीसह.
इथं सांगितलं तर काका मुशीतली चांदी ढवळत म्हणाले,
"मग माझ्या पोटात निळाच निळा आसंल,
पस्तीस वर्षांचा."
वास येतो का, विचारलं.
"वास कुठला. कांदा नि कापूर
आता एकाच घरातलं."

रोज सकाळी यंत्राला शून्य दाखवावं लागतं,
नाहीतर ते दिवसभर खोटं बोलतं.
त्यासाठी शिरोलीहून नायट्रोजनची टाकी आणते.
"शून्य इकत मिळतं?"
मिळतं. टाकीचं डिपॉझिट वेगळं.
काका बराच वेळ टाकीकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "म्हंजे तू हवेचा टंच काढतीस."

माझ्या प्रबंधाच्या एकशे चाळीस पानांत
हे वाक्य नाही.

आरशावर पुटं चढली तेव्हा
त्यांनी रिठ्याचं पाणी पुढं केलं.
"काका, हा आरसा चांदीचा नाही."
"मग कशाचा?"
काचेवर काचेसारखेच थर, वीस-बावीस.
त्यांना ते आवडलं नाही.
वाटी मात्र तिथंच ठेवली, हाताशी.

आकड्यांचा कागद भिंतीवर लावला
त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंखा आला,
मोठा, इचलकरंजीच्या मागावरून काढलेला,
भिंत फोडून गल्लीकडं तोंड करून बसवलेला.
आतला आकडा उतरला.
काकांनी पेढे आणले. मी खाल्ला.

मग डबा उचलून गल्लीत नेला.

समोरच्या पायरीवर अक्काताई वळिवडे
पैंजणांना घुंगरं जोडत होती,
किलोवर मजुरी, पोर शेजारी झोपलेलं.
स्टुलावर डबा ठेवला, किरण चालू केला.
आकडा हळूहळू वर निघाला,
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
थांबत, पण वरच.

"काय म्हणतंय?" तिनं विचारलं.
पंख्याकडं बोट दाखवायचं
की आधी पोराला आत घ्या म्हणायचं,
मी ठरवत होते,
तेवढ्यात तिनं घुंगरांचं घमेलं माझ्यासाठी बाजूला सारलं,
स्टूल हललं,
किरण आरशावरून घसरला.

टाकीचा नळ उघडला.
पुन्हा शून्यापासून.